प्रल्हादनानांची केळ

सकाळी दूधवाल्याच्याही आधी आमच्या कॉलनीमागून आवाज यायचा, "अय भास्कर, असा मान टाकून काय उभा हाये? काल पानी पेला ना तू?" कॉलनीत नवीन राहायला आलेल्यांना वाटायचं, कुणी म्हातारा आपल्या गड्याला झापतोय. दार उघडून बघावं तर केळीच्या बागेला लागून झाडांची एक पट्टी, आणि तिच्यात पायजमा गुडघ्यापर्यंत वर खोचलेला, डोक्यावर पांढरी टोपी, हातात पाण्याची नळी, असा एक काटकुळा म्हातारा कडुनिंबाशी भांडत उभा.

भास्कर म्हणजे तो कडुनिंब. खरा भास्कर आमच्या चौकात कपड्यांना इस्त्री करायचा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हां हां म्हणता गेला. त्याच्या दुकानात आमचे इस्त्रीला टाकलेले कपडे कितीतरी दिवस तसेच पडून होते, मागायला जायचं कुणाला सुचलं नाही.

त्या लाटेत आमच्या भागातून जी माणसं गेली, त्यांची ही बाग. माणसामागे एक झाड. दारावरच्या फलकावर 'स्मृतिवन' लिहिलंय, पण ते नाव फलकापुरतंच. सगळे नानांचा मळा म्हणतात, आणि ते बरोबरच आहे, कारण जमीन नानांची. रस्त्याला लागलेली, प्लॉटवाल्यांच्या डोळ्यात वर्षानुवर्षं भरलेली ती पट्टी नानांनी कुणाला न विचारता देऊन टाकली. कुंपण ठोकायला माणसं आली तेव्हा त्यांच्या मुलाला, अनिलला, पत्ता लागला. अनिल भला माणूस. तो एवढंच म्हणाला, "नाना, सांगायचं तरी." नाना म्हणाले, "सांगतलं असतं त तू इचार करत बसला असता."

बागेत झाडांवर नावांच्या पाट्या लावायच्या, असं कॉलनीच्या बैठकीत ठरत होतं. संगमरवरी की लोखंडी एवढाच वाद उरला होता. नाना उठून उभे राहिले. "पाटी लावली का लोक वाचाले येतीन. पानी घालाले कोनी येनार नही. नाव ध्यानात ठेवाचं असीन त हाक मारा." पाट्यांचा बेत राहून गेला. तेव्हापासून नाना प्रत्येक झाडाला माणसाच्या नावानं हाक मारायचे, आणि माणूस जसा होता तशीच झाडाची खरडपट्टी काढायचे. रफिकभाईंच्या वडिलांसाठी डाळिंब लावलं होतं. रफिकभाई पॉवरलूमवर कामाला, त्यांचे वडीलही जन्मभर लूमवरच. त्या डाळिंबाची फुलं गळायची. नाना त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि आपल्या खास हिंदीत म्हणायचे, "मियाँ, फूल गिराते रहोगे क्या? फल कब देते?" रफिकभाई हसायचे आणि हसता हसता गमछा डोळ्यांना लावायचे. नाना त्यांना म्हणायचे, "रडना है तो पानी डालते डालते रडो भाई, तेवढंच झाडाले."

आता माझं थोडं सांगते, कारण नानांची आणि माझी ओळख तिथूनच झाली. माझे वडील कागदाच्या कारखान्यात होते. महाराष्ट्रातून आलेली अशी बरीच घरं कारखान्याच्या वसाहतीत होती, क्वार्टरमध्ये गणपती बसवून आणि हळदीकुंकवं करून मराठी टिकवणारी. मी बऱ्हाणपुरात शाळेत शिकवायला लागले आणि आई माझ्याकडे राहायला आली. त्या एप्रिलमध्ये ती गेली. मी झाड घेऊन बागेत गेले तेव्हा नानांनी आधी माझी सगळी कुळकथा काढून घेतली. म्हणाले, "म्हंजे तुमच्या बापानं जन्मभर बांबू कापून कागद केला. आता पोरीनं झाड लावाचं. हिशोब बरोब्बर हाये." तेव्हापासून मी त्यांची 'कागदवाल्या बाई' झाले. मी कवठाचं रोप नेलं होतं. ते बघून नानांनी कपाळाला हात लावला.

"कवठ? बाई, याले फळ लागेलोक तुम्ही म्हाताऱ्या व्हसान."

"आईला कवठाची चटणी फार आवडायची, नाना."

"मंग लावा. मायपुढे कोनाचं चालते?"

खड्डा त्यांनीच खणला. मला नुसती माती लोटायला दिली. आणि माती लोटताना माझा हात थांबला, तेव्हा ते पाठ फिरवून उगाचच शेजारच्या आंब्याचं पान न पान बघत बसले.

नानांच्या बायकोचं नाव गोदावरी. हे मला त्यांच्या सुनेकडून, मंगलाकडून कळलं. नानांच्या तोंडून ते कुणीच ऐकलं नव्हतं. त्यांच्या वयाच्या माणसांत बायकोचं नाव घ्यायची रीत नाही. ते 'अनिलची माय' म्हणायचे, आणि समोर असली तर नुसतं 'ऐकलं का'. गोदाकाकू ठेंगण्या, ठसठशीत आणि नवऱ्याच्या दुप्पट आवाजाच्या. नानांना शेतात भाकर घेऊन यायच्या त्या शेताच्या अलीकडूनच बोलायला सुरुवात करायच्या. पण केळीत शिरल्या की गप्प होत. केळीच्या बुंध्याशी पिलं फुटतात. त्यातलं एक राखायचं, बाकीची विळ्यानं काढून टाकायची. घड उतरला की आईचं खोड जातं आणि राखलेलं पील तिच्या जागी वाढतं. कुठलं पील राखायचं ते ठरवण्यात शिवारात काकूंचा हात धरणारं कुणी नव्हतं. नाना म्हणायचे, "मी मालक नावाचा. बाग तिची."

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या माहेरी गेल्या, रावेरकडे, आणि परत येताना बसराईचा एक कंद घेऊन आल्या. बसराई म्हणजे जुनी, बुटकी केळ. घराच्या परसात लावलेल्या त्या एका कंदाचं त्यांनी बेट केलं. शेतात पुढे नवनवे वाण आले, प्रयोगशाळेतली रोपं आली, नानांच्या भाषेत 'टिश्शू' आलं, पण परसातली बसराई हलली नाही. घरात पूजेला केळीचं पान, सत्यनारायणाला खांब, पाहुण्यांना केळी, सगळं त्या बेटातून.

त्या एप्रिलमध्ये दोघं एकदमच आजारी पडले. काकूंना धाप लागली म्हणून त्यांना आधी नेलं. गाडीत चढतानाही त्या मंगलावर ओरडत होत्या, म्हाताऱ्याला भाकर कडक देऊ नको म्हणून. नाना मागच्या खोलीत तापानं फणफणलेले, दार बाहेरून ओढून घेतलेलं. त्यांना फक्त गाडी गेल्याचा आवाज आला. काकू परत आल्या नाहीत. दवाखान्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यांना थेट तापीकाठी नेलं. अनिलला लांब उभं केलं होतं, आग देण्यापुरतं तेवढं पुढे बोलावलं. नवऱ्याच्या आधी, अहेवपणी गेलेली बाई. आमच्याकडे अशा बाईला न्हाऊ घालून हिरवं लुगडं नेसवतात, कपाळभर कुंकवाचा मळवट भरतात, ओटी भरतात, आयाबाया तिच्या पाया पडतात. म्हाताऱ्या बायका तर 'असं मरण मला येऊ दे' म्हणून देवाला हात जोडतात. काकूंच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. त्यांचं तोंडसुद्धा कुणी पाहिलं नाही.

नानांची प्रकृती तोळामासा होती, म्हणून त्यांना सांगितलं नाही. ते आतून हाका मारायचे. "अनिल, तिले फोन कर, सांग गाय व्याली. गोऱ्हा झाला सांग." अनिल दाराबाहेरून म्हणायचा, "सांगतो नाना." "बरी हाये ना ती?" "बरी हाये." दुसऱ्या दिवशी नवा निरोप. शेवग्याला शेंगा लागल्या सांग. तिच्या बहिणीचा फोन आल्ता सांग. अनिलनं पुढे एकदा मला सांगितलं, "मॅडम, मी आईला आग देऊन आलो, नळाखाली आंघोळ केली आन् तसाच ओला दारापाशी जाऊन म्हनालो, बरी हाये." हे सांगताना तो चाळिशीचा बाप्या हमसून हमसून रडला.

ताप उतरल्यावर सांगितलं. नाना रडले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "मळवट कोनं भरला?"

अनिलनं खाली मान घातली. नानांनी पुन्हा विचारलं नाही. पण तो प्रश्न त्यांच्या पोटात तसाच राहिला, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कुणाकडे सवाष्ण बाई गेली की नाना अंत्ययात्रेला जायचे आणि अंगणाच्या कोपऱ्यात उभे राहून बायका मळवट भरतात तिकडे टक लावून बघायचे. लोकांना ते विचित्र वाटायचं. मला त्यांची दया यायची, आणि थोडी भीतीही वाटायची.

दवाखाना आणि आजारपण यांत घराचं परस कुणी पाहिलं नाही. वैशाखाच्या उन्हात बसराईचं बेट वाळून गेलं. एका कडेला एक पील तेवढं जीव धरून होतं. पाऊस पडल्यावर नानांनी ते मातीसकट उचललं आणि बागेत आणून लावलं. काकूंसाठी.

बाकीच्यांनी वड, आंबा, कडुनिंब, चिंच अशी नातवंडांच्या नातवंडांना पुरतील अशी झाडं लावली होती. केळ हे काही आठवणीसाठी लावायचं झाड नव्हे. घड देते आणि संपते. जन्मभर केळी केलेल्या माणसाला हे कुणी सांगायचं? शेवटी मीच धीर केला. नाना म्हणाले, "खोड मरते बाई, केळ नही मरत. दर टायमाले एक पील राखाचं बस." मग म्हणाले, "राखाचं कोनतं, ते ती सांगत व्हती. आता मलेच पाहा लागीन."

बागेच्या उद्घाटनाला एक पुढारी आले होते. फीत कापून झाली, भाषण सुरू झालं. आपण त्या काळात जनतेसाठी काय काय केलं ते त्यांनी सांगायला घेतलं आणि ते काही केल्या आवरेना. ज्यांची माणसं गेली ती समोर उन्हात खाली मान घालून बसलेली. नाना मागच्या मागे सटकले. थोड्या वेळानं सगळ्या नळ्यांना पाणी सुटलं आणि ओल पुढाऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र बुटांपर्यंत पोचली. ते चार पावलं मागे सरकले, पाणी पुढे आलं. नाना पंपापाशी हात जोडून उभे, चेहरा गरीब गाईसारखा. "साहेब, लाइटचा भरोसा नही. आली का पानी सोडाच लागते." त्या दिवशी कित्येक महिन्यांनी आम्ही एकत्र हसलो. गेलेल्यांच्या बागेत हसलो म्हणून नंतर मला अपराधी वाटलं, पण नानांना मुळीच नाही.

आखाजीला मात्र बागेत हसू नसायचं. आमच्या भागात त्या दिवशी पितरांसाठी पाण्यानं घागर भरतात, तिच्यावर खरबूज ठेवतात आणि पुरणपोळी-आमरसाचा घास गेलेल्यांचं नाव घेऊन विस्तवावर सोडतात. त्याला आगारी म्हणतात. हे घरोघरी चुलीपाशी व्हायचं. नानांनी ते बागेत आणलं. उन्हानं जमीन तापलेली, झाडाझाडाखाली एक घागर आणि गोवरीचा छोटासा विस्तव, आणि माणसं आपापल्या माणसाला हाक मारताहेत. रफिकभाईंकडे ही रीत नाही, तरी ते डाळिंबाखाली पाण्यानं भरलेलं मडकं ठेवायचे. ते म्हणत, गर्मी तो अब्बा को भी लगती होगी. नानांची पाळी आली की ते केळीपुढे उकिडवे बसायचे, घास हातात घ्यायचे आणि नाव घ्यायची वेळ आली की अडायचे. ओठ हलायचे. मग म्हणायचे, "अनिलची माय, घे."

पहिला घड धरला तेव्हा नाना रोज त्याच्याखाली जाऊन उभे राहायचे. ते तो कापणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. पण एका सकाळी त्यांनी स्वतः तो उतरवला, आढीत घालून पिकवला आणि ज्यांचं ज्यांचं झाड बागेत होतं त्या प्रत्येक घरी एकेक फणी पोचवली. बुटक्या केळीची ती केळी फार गोड होती. माझ्या घरी फणी देताना म्हणाले, "जनमभर पत्र्याचा डबा बडवून पोपट हाकलले तिनं, का लोकायच्या पोरायले केळी पुरली पाह्यजे. आता पोपटायले खाऊ देले असते त वरून बोंबलली असती." खोड त्यांनी हळूच कापलं. बुंध्याशी तीन पिलं होती. कुठलं राखायचं ते ठरवायला त्यांना आठवडा लागला. रोज बसायचे, उठायचे, या बाजूनं बघायचे, त्या बाजूनं बघायचे. शेवटी एक राखलं, ते चांगलं निघालं. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेत पास झालेल्या पोराचा आनंद होता. मला म्हणाले, "पाहा बाई, चालली ना पुढे?" काकू चालल्या होत्या पुढे. निदान नानांचा तसा जीव बसला होता, आणि आम्ही कोण त्यांना सांगणार?

मग तो श्रावण आला. आभाळ सतत भरलेलं, झिमझिम, ऊन म्हणून नाही. असं झालं की केळीवर हरण्या येतो. पानांवर पिवळे फिकट पट्टे उमटतात, मधला पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, सडतो, झाड खुजं होऊन बसतं. त्यावर औषध नाही. मावा नावाची कीड हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, म्हणून झाड दिसलं की कंदासकट, पिलांसकट उपटायचं आणि लांब नेऊन गाडायचं. लोकांचा जीव होत नाही. सुधारेल म्हणून ठेवतात आणि शेजाऱ्याचंही वावर घालवतात. नाना त्या दिवसांत शिवारभर काठी घेऊन फिरत होते. "उपटा. आजच उपटा. आज दया कराल त उद्या शेजारी रडीन." एका माणसानं चार झाडं लपवून ठेवली होती, तर नानांनी त्याला सगळ्यांसमोर असं झापलं की तो दोन दिवस घराबाहेर पडला नाही.

बागेच्या शेजारी किरणचं शेत. तरणा पोरगा, नोकरीचा नाद सोडून शेतीत उतरलेला, आणि त्या वर्षी त्यानं सगळ्या रानात नवीच केळी लावली होती. कोवळी रोपं, हरण्याला आवडतात तशी. तो एका संध्याकाळी माझ्या दारात आला. आत येईना.

"मॅडम, नाना को कौन बोलेगा?"

"काय झालं?"

"त्यायच्या केळीवर पट्टे हाये. मी कुंपनातून पाह्यले. दुसऱ्या दिवशी पाहाले गेलो त पट्ट्याचं पानच नही. तिसऱ्या दिवशी अजून एक पान कम." त्यानं शेताच्या दिशेनं हात केला. "माझी पूरी बाग जाईन मॅडम. लेकिन मी नही बोलू शकत. मले केळी लावाले काकीनंच शिकवलं."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेले. त्या दिवशी भास्करला मारलेली हाक ऐकू आली नव्हती. नाना केळीपाशी पाठमोरे होते. हातात विळा. एक पान त्यांनी कापलं, दुमडलं, पुन्हा दुमडलं आणि सदऱ्याच्या आत कोंबलं. मी चाहूल दिली तसे दचकले.

"सुकेल पान काढू राह्यलो," ते म्हणाले.

सदऱ्यातून पानाचं टोक बाहेर आलं होतं. हिरवंगार, ओलं आणि त्यावर पिवळे पट्टे.

मी म्हणाले, "नाना, शेजारी किरणची नवी लागवड आहे."

"म्हाईत हाये मले." ते मटकन खाली बसले. सदऱ्यातलं पान काढून मांडीवर ठेवलं आणि त्यावरून हात फिरवत राहिले. "बाई, अनिल दारामागून म्हने, बरी हाये. मी त्याले मनातल्या मनात लई शिव्या देल्या. बापाशी खोटं बोलला म्हनून माफ नही केलं त्याले, आजलोक नही केलं. आता मीच सकाळी उठतो, पान कापतो आन् लोकायले सांगतो, बरी हाये."

त्यांनी पान पुन्हा दुमडायला घेतलं.

"पुन्हा तेच ना? हात लावू नका. लांब न्या. गाडून टाका." ते वर बघून म्हणाले, "पील बी राखता येत नही बाई. पिलातबी तोच रोग. हे गेलं का बसराई गेली. ती पूरीच गेली."

मी त्यांच्याशेजारी चिखलात बसले.  उठताना मी त्यांना काहीही सांगितलं नाही, समजावलं नाही. 

त्या संध्याकाळी नाना किरणच्या घरी गेले. त्याला म्हणाले, उद्या सकाळी ये, आणि मावा उडू नये म्हणून आत्ताच केळीवर फवारा मार. मग घरी येऊन त्यांनी अनिलला जवळ बोलावलं. बापलेकात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मंगला सांगते, दोघं ओट्यावर खांद्याला खांदा लावून बसले होते आणि तिनं आतून चहा नेला तर कुणी घेतला नाही. मग नानांनी तिला हाक मारली. "मंगला, हिरवं लुगडं आन. हळद-कुंकू, खारीक-खोबरं, ओटीचं सगळं. कॉलनीतल्या बायायले सांग, आंघोळी करून येजा."

सकाळी आम्ही बागेत गेलो. काय चाललंय ते सगळ्यांना लगेच समजलं असं नाही. कॉलनीतले एक गृहस्थ केळीसाठी एवढा थाट म्हणून हसले, मग नानांचा चेहरा बघून त्यांनी गुपचूप चपला काढल्या. नानांनी भोवतालची माती कुदळीनं सैल केली, कुणाला हात लावू दिला नाही. कंद न दुखवता, पिलांसकट, सगळी केळ त्यांनी वर काढली. पाण्यानं मुळांची माती धुतली. अगदी हळू, कोपऱ्याकोपऱ्यातून. मग हिरवं लुगडं भोवती गुंडाळलं आणि बाजूला झाले.

"मंगला, भर."

मंगला पुढे झाली. तिनं खोडाच्या वरच्या अंगाला हळद लावली आणि कुंकवाचा मळवट भरला, चांगला रुंद, खोडभर. आम्ही एकेक करून ओटी भरली. मी वाकून हात टेकला तेव्हा ओल्या मातीचा आणि कुंकवाचा वास आला, आणि मला माझी आई आठवली, तिला असंच घाईघाईनं नेलं होतं. मी तिथेच रडले. सगळ्याच रडत होत्या. नाना कोपऱ्यात उभे राहून बघत नव्हते, अगदी पुढे उभे होते.

दोन बांबूंवर केळ ठेवली. अनिल, किरण, रफिकभाई आणि चौथे नाना, अशा चौघांनी खांदा दिला. नाल्यापलीकडे पडीक जमिनीत खड्डा तयार होता. पाऊस थांबला होता. रस्त्यावरचा एक मोटरसायकलवाला कोण गेलं म्हणून विचारायला थांबला, तेव्हा रफिकभाई म्हणाले, "हमारी चाची." त्यानं गाडी बंद केली आणि आम्ही पुढे जाईपर्यंत उभा राहिला. केळ खाली उतरवली. नानांनी पहिली मूठ माती टाकली, मग अनिलनं, मग सगळ्यांनी. किरण माती लोटताना मोठ्यानं हुंदके देत होता, जणू काही चूक त्याचीच.

नाना त्यानंतर एक हिवाळा काढून गेले. घरी, आपल्या अंथरुणात, झोपेत. मधल्या काळात मी त्यांना रोज पाहत होते. पुन्हा भास्करला झापत होते, डाळिंबाला हिंदीत टोमणे मारत होते. केळीच्या जागी त्यांनी काही लावलं नाही, कुणी विचारलंही नाही. पण मला नाना आठवतात ते त्या श्रावणातल्या सकाळचे.

खड्डा बुजवून झाला आणि आम्ही परत फिरलो. माती देऊन निघाल्यावर मागे वळून बघायचं नाही, ही आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असलेली रीत. सगळे खाली मान घालून चालत होते. थोडं पुढे आल्यावर माझ्या लक्षात आलं, नाना बरोबर नाहीत. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, ते तिथेच थांबले होते, आमच्याकडे पाठ करून, खड्ड्याकडे तोंड करून. अनिल मागे न बघताच म्हणाला, "नाना, चला. मागे पाहू नये."

"मागच्या टायमाले कोनी पाहू देलं नही," नाना म्हणाले. "आता पाहू दे."

अनिल थांबला. मग तोही मागे वळला आणि बापाच्या शेजारी जाऊन उभा राहिला.